पादचारी : निरंक

“तुमच्या घरातून रोज पायी कोण कोण बाहेर पडतं, काका?”

दारातल्या मुलीनं विचारलं आणि भिवाच्या हातातली पोह्यांची बशी जागच्या जागी थांबली. मुलीच्या गळ्यात ओळखपत्र होतं, हातात टॅब होता, नाव सायली होतं, आणि वेळ तिनं अशी गाठली होती की वैऱ्यानंही गाठू नये. दापोडीच्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत पाहुणे बसले होते. भिवाच्या मिनलला बघायला कासारवाडीहून माणसं आली होती. मुलगा सिद्धेश चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. सोबत त्याची आई, आणि वडील धम्मरत्न, बँकेतून रिटायर झालेले, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारे गृहस्थ. स्थळ असं होतं की चार दिवस भिवाला अन्न गोड लागलं नव्हतं.

“कसली चौकशी म्हणायची ही?” धम्मरत्नांनी कौतुकानं विचारलं.

“‘चालतं शहर’ योजना आहे सर. लोकांनी जास्त चालावं, आजार कमी व्हावेत, म्हणून रस्ते नव्यानं आखायचेत. कुठं किती लोक चालतात ते आधी मोजतोय.”

“उत्तम! आमच्या सोसायटीतही झाला हा सर्व्हे. मी तर रोजचे सात किलोमीटर लिहून दिलेत.” धम्मरत्न भिवाकडं वळले. “सांगा की मग.”

आता भिवा काय सांगणार? त्या गल्लीतली चौसष्ट घरं पायांवरच तर जगत होती. बायका मोठा रस्ता ओलांडून पलीकडच्या सोसायट्यांत धुण्याभांड्याला जात, पुरुष कंपनीच्या बसच्या थांब्यापर्यंत जात, पोरं शाळेत जात. पण चालतो असं पाहुण्यांदेखत म्हणायचं? धम्मरत्नांचं चालणं वेगळं, ते बुटांतलं. भिवाचा बाप खडकीच्या कारखान्यात जाऊन येऊन रोज पाच मैल चालायचा, झिजू नयेत म्हणून वहाणा हातात घेऊन, आणि पोरांना सांगायचा, शिका, म्हंजी पाय झिजवावं लागणार न्हाईत. त्या घरात पायी जाणं ही सांगायची गोष्ट नव्हती, झाकायची होती.

“पायी?” भिवा हसला. “पायी कोन जातंय आता, पोरी? गाडी हाय की दाराशी.”

गाडी दाराशी होती हे खरं. प्लास्टिकच्या कागदाखाली झाकलेली जुनी स्कूटर, इंजिन बसून दोन वर्षं झालेली.

“आणि बायका?”

“त्या रिक्षानं जात्यात.”

“घरात कुणी आजारी, अपंग? रस्ता ओलांडून दवाखान्यात न्यावं लागतं असं?”

सिद्धेशच्या आईनं चमचा बशीत ठेवला. स्थळ आणणाऱ्या मध्यस्थानं भिवाला आधीच बजावलं होतं. त्या बाईंच्या जावेनं लकव्यानं सहा वर्षं अंथरूण धरलं होतं आणि तिचं सगळं यांनीच काढलं होतं. आता त्यांना दुखण्याच्या घरची पोर नको. असल्या गोष्टी रक्तातून येतात असं त्यांचं ठाम मत. आणि इथं भिवाची बायको नीला, पाहुणे यायच्या आधीच भिंतीशी खुर्चीत नेऊन बसवलेली, अकरा महिन्यांपूर्वी याच खोलीत भाकरी थापता थापता उजव्या अंगानं खाली गेली होती. तोंड आता बरंचसं सरळ झालं होतं. बोलणं जडच होतं, म्हणून बोलायचं नाही असं तिला सांगून ठेवलं होतं.

“न्हाई,” भिवा म्हणाला. “समदे ठणठणीत हायती.”

नीलानं मान खाली घातली नाही. ती समोर बघत बसून राहिली.

“वस्तीच्या फॉर्मवर प्रतिनिधी म्हणून एक सही हवी होती, काका, आकडे मी मागाहून भरते,” सायली म्हणाली. “इथं ज्याला विचारावं तो तुमचंच नाव सांगतो.”

हे ऐकून धम्मरत्नांच्या चेहऱ्यावर आदर उमटला, आणि त्या आदरापायी भिवानं सही ठोकून दिली. चौतीस वर्षं त्यानं भोसरीच्या एका कारखान्यात तपासणीच्या टेबलावर काढली होती. माप बरोबर असल्याशिवाय एकाही कार्डावर त्यानं ‘ओके’ लिहिलं नव्हतं, साहेब डोक्यावर उभा राहून ओरडला तरी. गल्लीत कुणाचं रेशनकार्ड असो, कुणाचा शाळेचा अर्ज असो, फॉर्म भरायला लोक त्याच्याकडंच येत. भिवा लिहितो ते बरोबर, असा चौसष्ट घरांचा विश्वास होता. त्याच्या हातून आयुष्यात पहिला खोटा कागद झाला, तो हा.

पुढचं ओघानंच झालं. मुलगी बघायचा कार्यक्रम म्हटल्यावर शेजारीण गोजाबाई दारामागं कान लावून उभीच होती. सायली तिच्याकडं वळली तशी ती म्हणाली, “मी बी रिक्षानंच जाते, बाय.” पाहुण्यांसमोर गल्लीची शोभा नको हा एक विचार, आणि भिवादादाच्या घरचे गाडीनं जातात तर आम्ही काय ओवाळून टाकलेले आहोत, हा दुसरा. गोजाबाईचं ऐकून पुढच्या घरानं तेच सांगितलं, त्या घराचं ऐकून त्याच्या पुढच्यानं. ज्याच्या पायात धड चप्पल नव्हती त्यानंही मोटारसायकल सांगितली. संध्याकाळपर्यंत अख्खी गल्ली वाहनावर चढली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते आणखी काय असतं?

लग्न ठरलं आणि उन्हाळ्यात विहारात साधेपणानं झालंही.

मोठ्या रस्त्याच्या डिव्हायडरला गल्लीच्या बरोबर समोर एक तोंड होतं. तिथून पलीकडं गेलं की समोर धर्मादाय दवाखाना. भिवाच्या उंबऱ्यापासून दवाखान्याच्या पायरीपर्यंत नीलाची दोनशे बारा पावलं होत. उजव्या पायाला पट्टा बांधायचा, भिवानं हात धरायचा, गाड्यांचा लोंढा जरा तुटला की निघायचं, मधल्या तोंडात उभं राहून दम खायचा, आणि पुन्हा निघायचं. दवाखान्यातल्या व्यायामाच्या मॅडम तिला लोखंडी दांड्यांमध्ये उभं करत, पाय वाकवून घेत. लग्नात नीलानं गोजाबाईचा दंड धरून खुर्चीपासून बुद्धमूर्तीपर्यंत अकरा पावलं टाकली आणि लोकांना वाटलं, आईचं मन भरून आलंय. श्रावणात ती काठी न घेता दारापर्यंत आली. त्या दिवशी भिवानं गल्लीत पेढे वाटले, आणि कशाचे म्हणून विचारल्यावर जावयाला बढती मिळाल्याचं सांगितलं.

“दिवाळीत स्वतः करंज्या तळाल,” मॅडम नीलाला म्हणाल्या.

भाद्रपदात डिव्हायडरचं तोंड बंद झालं.

दोन दिवसांत झालं ते. आधी काँक्रीट पडलं, मग त्यावर छातीएवढी लोखंडी जाळी आली, मग जाळीशी फुलझाडांच्या कुंड्या. पलीकडच्या बाजूला सोसायट्यांपुढून थेट कासारवाडीपर्यंत लाल फरशीचा रुंद फुटपाथ झाला, झाडांखाली बाकडी आली. गल्लीसमोर जाळीवर पाटी लागली, ‘चाला, निरोगी राहा’. पण चालून पलीकडं जायचं तर आता दीड किलोमीटरवरचा भुयारी मार्ग होता. चाळीस पायऱ्या खाली, चाळीस वर, आणि दीड किलोमीटर उलट परत.

भाडं परवडलं तोवर, पहिले काही दिवस, भिवानं नीलाला रिक्षानं नेलं. मॅडमनी तिला दांड्यांमध्ये उभं केलं आणि मान हलवली.

“बसून आणता आणि बसून नेता. मी इथं वीस मिनिटं करून घेते त्यानं काय होणार? त्या रस्ता ओलांडून यायच्या, गाडी आली की थांबायच्या, गेली की निघायच्या, अर्धा उपचार तोच होता हो काका. घरी चालवा जरा.”

घरी चालवायला जागा केवढी, तर कपाटापासून मोरीपर्यंत. गल्लीत उघडं गटार आणि मधोमध लावलेल्या मोटारसायकली. नीला चार पावलं टाकायची आणि बसायची. दसऱ्याला तिची काठी परत आली. दिवाळीला करंज्या गोजाबाईनंच तळून दिल्या. उजवं पाऊल हळूहळू आतल्या बाजूला वळायला लागलं.

आणि याच दिवसांत योजनेनं गल्लीकडं लक्ष दिलं नाही असं कुणी म्हणू नये. सर्व्हेत या वस्तीची नोंद ‘अत्यंत कमी हालचालीची’ अशी झाली होती. माणसं चालत नाहीत, जागची हलत नाहीत, यांना शुगर होणार, बीपी होणार. तेव्हा यांना चालायची सवय लावली पाहिजे. पिवळे टी-शर्ट घातलेली चार मुलं एका दुपारी आली. त्यांनी स्पीकर लावला आणि बायकांना रांगेत उभं करून जागच्या जागी पावलं उचलायला लावली.

“मावशी, गुडघा वर! अजून वर! रोज फक्त तीस मिनिटं चाला, बघा किती फ्रेश वाटेल!”

गोजाबाई तेव्हा नुकतीच पाच घरची भांडी घासून, भुयारी मार्गाचा वळसा घालून आली होती. तिच्या पोटऱ्या अजून थरथरत होत्या.

“माज्या लेकरा,” ती म्हणाली, “चालाया नगं शिकवूस. बसाया शिकीव मला.”

मुलं खो खो हसली. त्यांनी गोजाबाईच्या डोक्यावर योजनेची टोपी घातली आणि तिचा फोटो काढला.

भिवा योजनेच्या कार्यालयात गेला तो त्याच आठवड्यात. रस्त्यांचं काम विजयश्री नावाच्या बाई बघत. बाई चांगल्या होत्या. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण ही गोष्ट वाईट माणसांची नाही. त्यांनी भिवाला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि स्वतः उठून फाईल काढली.

“काका, तिथून कुणी रस्ता ओलांडतच नाही हो.”

“न्हाई कसं? समदी गल्ली वलांडती.”

बाईंनी कागद त्याच्याकडं फिरवला. एकूण घरं चौसष्ट. पादचारी, निरंक. रुग्ण व अपंग, निरंक. खाली वस्ती प्रतिनिधीची सही, एकेक अक्षर सुटं आणि सुबक.

“ही सही कुणाची?”

“माजीच,” तो म्हणाला.

“मग मी काय करायचं, सांगा. जिथून कुणी जात नाही ते तोंड उघडं ठेवायचं म्हणजे अपघाताला आमंत्रण. पलीकडच्या लोकांनी चालतो म्हणून लिहून दिलं, त्यांना फुटपाथ मिळाला.”

“ते हौसेनं चालत्यात, मॅडम. आमी पोटासाटी चालतो.”

“फॉर्मवर हौस आणि पोट असे दोन रकाने नव्हते, काका. पायी जाता का, एवढंच विचारलं होतं.”

भिवा उठला, तेव्हा बाईंनाच राहवलं नाही.

“थांबा. एक मार्ग आहे. ज्याला चालणं हाच उपचार सांगितलाय असा रुग्ण तिथं राहत असेल, तर नियमात खास ओलांडणी देता येते. सिग्नलसकट. एक नाव पुरेसं आहे. बारा डिसेंबरला जाहीर सुनावणी आहे. तिथं नाव सांगायचं, दुखणं सांगायचं, डॉक्टरचा कागद द्यायचा. मग ते बोर्डावर लागतं, लोकांच्या हरकती मागवतो.”

“गुपचूप न्हाई व्हनार?”

“रस्ता सगळ्यांचा ना, काका? गुपचूप कसा बदलायचा?”

भिवानं तिथंच बसून अर्ज लिहिला, रुग्णाच्या नावाची जागा तेवढी मोकळी सोडली. मग तो गल्लीत हिंडला. नीलाच्याऐवजी दुसरं कुणाचं नाव मिळालं तर बरं, असा स्वार्थ त्यात होता, तो लपवण्यात अर्थ नाही. दुखणी काही कमी नव्हती. एकाच्या आईच्या कमरेचं हाड मोडलेलं, एकाचा पाय मशीनखाली गेलेला, एकीच्या पोराला जन्मापासून चालता येत नव्हतं. पण कुणाच्या घरी लेक लग्नाची होती, कुणी आजार लपवून कंत्राटावर कामाला लागला होता. “आमच्याकडं कोन आजारी हाय, दादा?” जो तो म्हणायचा आणि दार लोटून घ्यायचा. भिवानंच घालून दिलेला धडा होता. तो लोक त्याच्यापुढंच कसा मोडणार?

रविवारी मिनल आली. तिनं आईला न्हाऊ घातलं, भात कालवून भरवला. मग बापाजवळ येऊन बसली.

“पप्पा, सासूबाई म्हणतात, आईला घेऊन ये. आमच्याकडं काय सुंदर ट्रॅक झालाय, दोघी विहिणी मिळून फिरू. मी दर वेळी नवं काहीतरी सांगते. कधी आई गावाला गेली, कधी तिला सर्दी झाली. तुम्ही एकदा खोटं बोललात. मी रोज बोलते.”

“मंग सांगून टाकू का? बारा तारखेला सुनावणी हाय.”

“मला माहितेय. सासरे आहेत त्या कमिटीवर. नागरिकांचे प्रतिनिधी म्हणून.”

“म्हंजी त्यांच्यादेखत बोलायचं?” भिवा म्हणाला.

“ते मला घालवून देतील असं नाही, पप्पा. चांगली माणसं आहेत. पण उद्या माझं नुसतं डोकं दुखलं, हाताला मुंग्या आल्या, तरी सासूबाई माझ्याकडं कशा बघतील ते मला आत्ताच दिसतंय. आणि फसवून दिली म्हणतील, ते खरंच आहे.” तिनं भाताची ताटली उचलली. “मी काही म्हणत नाही. आईकडं बघा आणि ठरवा.”

खोली एकच. नीलानं सगळं ऐकलं. मिनलनं जाता जाता आईच्या वळलेल्या पायाची नखं काढली, आणि गल्लीच्या तोंडाशी जाऊन एकटीच रडली. भिवाला ते गोजाबाईनं सांगितलं.

बारा तारखेला दुपारी भिवानं धुतलेला सदरा घातला. डॉक्टरचा कागद चौघडी करून खिशात ठेवला. त्यानं ठरवलं होतं. मिनल तरुण आहे, निभावून नेईल. नीलाकडं दिवस उरले नाहीत. इतका सरळ हिशोब होता.

“आज... उघडंल?” नीलानं विचारलं.

“आज उघडून घेतोच,” भिवा म्हणाला. “तू तयार राहा. आल्या आल्या जाऊन दाखवू मॅडमना.”

ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

सुनावणीच्या हॉलमध्ये पन्नासेक माणसं होती, बरीचशी सोसायट्यांमधली. भिवा मागच्या रांगेत बसायला निघाला, तोच व्यासपीठावरून धम्मरत्न उठून खाली आले.

“जय भीम, जय भीम! अहो, मागं काय बसता?” त्यांनी भिवाच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला पुढं नेऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “हे आमचे व्याही बरं का. चौतीस वर्षं तपासणीच्या टेबलावर, एक चूक नाही. आणि घराणं कसं, तर एकदम खणखणीत. यांच्याकडं डोकेदुखीची गोळीसुद्धा लागत नाही.”

लोक हसले. दोघांनी भिवाला हात जोडले. भिवानंही जोडले.

मग कामं सुरू झाली. फुटपाथवर कुत्री फार झालीत, बंदोबस्त करू. बाकड्यांवर ऊन येतं, छत घालू. सकाळी मंद गाणी लावता येतील का, बघू. एकेक मागणी पटापट लिहिली जात होती. शेवटी विजयश्रीबाईंनी चष्मा सारखा केला.

“दापोडीच्या गल्लीसमोरच्या ओलांडणीचा एक अर्ज आहे, रुग्णाच्या कारणासाठी. नाव आज सांगायचं होतं. काका?”

भिवा उभा राहिला. त्याचा हात खिशात गेला. कागदाची घडी बोटांना लागली.

धम्मरत्न काळजीनं पुढं वाकले. “कोण आजारी आहे हो तुमच्या गल्लीत? सांगा ना. माझा पाठिंबा आहे, आत्ता मंजूर करून टाकू.”

ते मनापासून बोलत होते. त्यांनी आडकाठी केली असती, तोंड वाकडं केलं असतं, तर भिवानं तो कागद टेबलावर आपटला असता. या भल्या माणसाच्या डोळ्यांत बघून ‘तुम्हाला मी फसवलं’ असं म्हणायला जी छाती लागते, ती त्याला झाली नाही.

“कोनी न्हाई,” भिवा म्हणाला.

“म्हणजे?” बाईंनी विचारलं.

“कोनी आजारी न्हाई गल्लीत. अर्ज चुकून दिला.”

विजयश्रीबाई त्याच्याकडं बराच वेळ बघत होत्या. त्यांना कळलं असावं. पण कळलेलं लिहायला त्यांच्याकडंही रकाना नव्हता. “मग मागं घेतल्याची सही करा,” त्या म्हणाल्या. भिवानं सही केली. तीही सुबक आली.

“चला, मी सोडतो तुम्हाला, वाटेवरच आहे,” म्हणत धम्मरत्नांनी त्याला गाडीत बसवलं. वाटेत ते बाकड्यांविषयी बोलत होते. कासारवाडीकडं जाणारी बाजू पलीकडची, दवाखान्याची. भिवा म्हणाला, इथंच उतरतो. गाडी दवाखान्यापुढं थांबली.

रस्त्यापलीकडं, जाळीच्या आणि गाड्यांच्या पलीकडं, गल्लीच्या तोंडाशी नीला स्टुलावर बसली होती. गोजाबाईनं तिची वेणी घातली होती, पायाला पट्टा बांधला होता. भिवा गाडीतून उतरलेला पाहिला आणि तिचा चेहरा उजळला.

“अहो, त्या विहीणबाई ना?” धम्मरत्नही खाली उतरले आणि हात उंचावून ओरडले. “जय भीम, विहीणबाई! बऱ्या आहात ना?”

नीलानं आधी त्यांच्याकडं बघितलं, मग भिवाकडं. भिवानं मान हलवली नाही, खूण केली नाही. तो नुसता उभा होता, आणि त्याच्या तशा उभ्या राहण्यावरूनच तिला सगळं कळलं. चाळीस वर्षांचा संसार होता.

मग तिनं जे केलं ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं गोजाबाईचा हात बाजूला सारला, डावा हात गुडघ्यावर रेटला आणि उठून उभी राहिली. काठी न घेता. डावा हात वर करून तिनं जय भीम घातला.

“बघा, कशा ताठ उभ्या आहेत!” धम्मरत्न खूश झाले. “आमच्या हिला सांगतो, जरा विहीणबाईंकडून शिक. तर काय म्हणत होतो, पुढच्या रविवारी जेवायलाच या दोघं. हिच्या हातचं वांग्याचं भरीत खाल्लंय का तुम्ही?”

“न्हाई.”

“मग आलंच पाहिजे. ज्वारीची भाकरी, भरीत, वर ठेचा.”

“येतो.”

दोन महिन्यांत नीला आधाराशिवाय एकदाही उभी राहिली नव्हती. तिचा उजवा गुडघा लटपटत होता, लुगड्याचा काठ हलत होता. भिवाला इथून दिसत होतं. तो हो, हो म्हणत होता. धम्मरत्न गाडीत बसले. पट्टा लावला. काच खाली करून मिनलचा काहीतरी निरोप सांगितला. मागून गाड्या येत होत्या, त्यांनी शिस्तीनं त्या जाऊ दिल्या. मग हात हलवून निघाले.

गाडी वळणाआड जाईपर्यंत नीला उभी होती. मग ती कोसळली. गोजाबाईच्या हाती नुसता पदर आला. स्टूल एकीकडं गेलं आणि नीलाचं डोकं फुटपाथच्या दगडी कडेवर आपटलं. तो आवाज गाड्यांमुळं इकडं आला नाही.

“दादा! या की हो लवकर!” गोजाबाईची किंकाळी तेवढी आली.

भिवा हॉर्न वाजवणाऱ्या गाड्यांमधून डिव्हायडरपर्यंत धावला आणि त्यानं जाळी दोन्ही हातांनी धरली. तिथून नीला वीस पावलांवर होती. तिच्या डोक्याखालचं रक्त त्याला दिसत होतं. त्यानं वर चढायला पाय उचलला. पण जाळीचे सगळे गज उभे होते. कुणी पाय ठेवून चढू नये म्हणून आखणाऱ्यानं एकही आडवी पट्टी ठेवली नव्हती. त्रेसष्ट वर्षांचा पाय दोनदा, तीनदा घसरून खाली आला. कुंडी फुटली.

मग तो वळला, पुन्हा गाड्यांमधून मागं आला आणि भुयारी मार्गाच्या दिशेनं निघाला. फुटपाथ फार चांगला केला होता. कुठं खड्डा नव्हता, चढउतार नव्हता, दोन्ही बाजूंना सावली होती. संध्याकाळचे लोक फिरायला आले होते. समोरून येणाऱ्या एका पांढऱ्या बुटांतल्या गृहस्थांनी भिवाला येताना पाहिलं आणि अदबीनं कडेला होऊन त्याला वाट दिली.

“वा काका! या वयात काय स्पीड आहे!”

भुयारी मार्ग अजून सव्वा किलोमीटर होता.